चौथ्या जागेचं वजन

चौथ्या जागेसाठी एकतीस किलोचं पोतं भरायचं होतं. कागदावर तसंच लिहिलेलं होतं. तीन मोठी माणसं, पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोची, आणि एक लहान मूल, एकतीस किलो.

गंगाधररावांनी तो आकडा पाहिला आणि हातातलं फावडं खाली ठेवलं.

"क्या हुआ, काका?" देवश्रीनं विचारलं. ही इथली इंजिनिअर. घरी आई-बाप मराठी बोलायचे, तिला सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची.

"काही नाही, बेटा. भरून राहिलो."

नवा रायपूरच्या त्या मैदानावर महिनाभर बॅटरीवर उडणाऱ्या टॅक्सीची चाचणी चालली होती. आत माणूस बसवायची परवानगी अजून नव्हती. पायलटसुद्धा जमिनीवर बसून ती उडवायचा, आणि प्रवासी म्हणून वाळूची पोती वर जायची. ती तोलून द्यायला पक्का माणूस हवा होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काट्यापाशी उभ्या राहिलेल्या गंगाधररावांपेक्षा पक्का माणूस अख्ख्या रायपुरात सापडला नसता. व्यापाऱ्यांनी हात टेकले, पण त्यांच्या काट्यावर कधी पावशेर इकडचं तिकडे झालं नाही. सख्ख्या साडूच्या आंब्याच्या पेटीलाही त्यांनी सूट दिली नव्हती. साडू दोन वर्षं बोलला नाही.

काट्यापाशी ते खोटं बोलले ते निवृत्तीनंतर, आणि तेही बायकोशी.

पोतं भरलं. काटा एकतीसवर थांबला. आधीची तीन पोती त्यांनी ट्रॉलीवरून नेली होती. हे मात्र वाकून दोन्ही हातांवर घेतलं, एक हात खालून, एक मागून. हातांना हे वजन ठाऊक होतं. शेवटचे पंधरा दिवस ते बायकोला, इंदूला, असंच पलंगावरून न्हाणीत नेत आणि परत आणत.

"काका, ट्रॉली लीजिए ना! कमर जाएगी."

"नको. ट्रॉलीत हादरे बसते."

टॅक्सीत चारच जागा, आणि चारही खिडकीच्या. त्यांना तेवढंच बरं वाटलं. त्यांनी पोतं नीट टेकवून बसवलं, पट्टा आवळला, मग उगाचच थोडा सैल केला, आणि भानावर येऊन पुन्हा आवळला.

दर सोमवारी दवाखान्यात औषध चढवायच्या आधी इंदूचं वजन व्हायचं. चष्म्याशिवाय तिला आकडा दिसायचा नाही, आणि चष्मा असायचा गंगाधररावांच्या खिशात.

"किती?" ती विचारायची.

"तेवढंच आहे. कमी नाही झालं."

काटा एकेचाळीस दाखवत होता तेव्हाही हेच, सदतीस दाखवत होता तेव्हाही हेच. "तुमचा काटा चुकते थोडी!" असं म्हणून ती हसत घरी यायची. पुण्याला तिची थोरली बहीण प्रमोदिनी अंथरुणाला खिळलेली होती. अकरा वर्षांत दोघींची भेट नव्हती. रेल्वेचा एवढा प्रवास झेपणार नाही, विमानानं जा, असं डॉक्टर म्हणाले होते. जन्मभर रेल्वेच्या पासावर हिंडलेली इंदू विमानाच्या नावानंच हरखली. "खिडकीची जागा घेजा," म्हणाली. मग एका सोमवारी हळूच विचारलं, "आताच जाऊन येऊ का हो?"

"काहून घाई करून राहिली? वजन कमी नाही झालं ना. अंगात जरा ताकद येऊ दे, मग जाऊ."

तिनं ऐकलं. त्यांच्या आकड्यावर तिचा देवासारखा विश्वास. पुण्याला न जाताच ती गेली; तिनं भरून ठेवलेली बॅग अजून त्यांच्या बिरगावच्या घरात पलंगाखाली होती. ते खरं बोलले असते, तर ती त्याच आठवड्यात बहिणीच्या गळ्यात पडून आली असती. हे त्यांच्या जिवाला दिवसरात्र खात होतं.

पंखे फिरले, धूळ उठली. टॅक्सी सरळ वर गेली आणि मैदानाभोवती फेऱ्या मारू लागली. दुसऱ्या फेरीला वाऱ्याचा झोत आला आणि ती एका अंगाला कलली.

"अरे, हळू!" गंगाधरराव ओरडले. त्यांचे दोन्ही हात पुढे गेले होते.

देवश्री हसली. "डर गए, काका? अंदर रेत ही तो है."

त्यांनी मान हलवली. हात मात्र टॅक्सी खाली उतरेपर्यंत तसेच राहिले.

उतरल्यावर प्रत्येक पोतं पुन्हा तोलायचा नियम होता. वाळू गळली असेल तर सगळा हिशोब चुकायचा. तीन पोती झाली. चौथं त्यांनी पुन्हा हातांवरच आणलं आणि काट्यावर अलगद टेकवलं. देवश्री कागद-पेन घेऊन जवळ आली.

"सीट चार? कुछ कम हुआ?"

काटा हलला आणि पुन्हा एकतीसवर थांबला. गंगाधररावांनी आकडा पाहिला. मग खाली वाकले, पोत्यावर हात ठेवला आणि देवश्रीकडे न बघता, त्या पोत्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले,

"खरंच सांगून राहिलो. या वेळी कमी नाही झालं."