पंधरा गिऱ्हाइकं

"अभिनंदन म्वालिमू! वाचला तुमचा विभाग. पंधरा गिऱ्हाइकं भरली!"

नोंदणी कचेरीतल्या लागाटचं हे बोलणं ऐकून मुखवाना गुरुजी आ वासून बघतच राहिले. पंधरा? अहो, त्यांच्या स्वाहिलीच्या शेवटच्या वर्षाला सातच टाळकी उरली होती! सरकारने अनुदानाची पद्धत बदलली, फी दुपटीवर गेली आणि बावीसांतले पंधराजण गावोगाव पांगले. कुणी मोटरसायकलवरून सवाऱ्या मारत होता, कुणी बसथांब्यावर मंदाझी तळत होती. त्यातच विद्यापीठाने नवं धोरण काढलं. आता विद्यार्थी म्हणायचं नाही, म्तेजा म्हणायचं. म्तेजा म्हणजे गिऱ्हाईक. ज्या विषयाला पंधरा गिऱ्हाइकं नाहीत त्याचं दुकान बंद. उरलेल्या पोरांनी हॉटेल व्यवस्थापन शिकावं, तेही पहिल्या वर्षापासून. म्हणजे तीन वर्षं सरळ पाण्यात.

"दाखव तो कागद," गुरुजी खेकसले.

लागाटने यादी पुढे सरकवली. अक्षर होतं विभागाच्या कारकून नाफूलाबाईंचं. नोंदणी तपासायला बाईंनी आठवडाभर एकेकाला फोन लावला होता. वर्गात येणाऱ्या सातांपुढे त्यांनी 'हजर' लिहिलं होतं. बाकी पंधरांपुढे 'म्तेजा'.

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. फोन लागला नाही की फोन कंपनीची ती बया मंजुळ आवाजात सांगते, 'आपण फोन केलेला म्तेजा सध्या उपलब्ध नाही.' तेव्हापासून अख्ख्या केनियात जो सापडत नाही तो म्तेजा. लग्न ठरवून पळालेला नवरदेव म्तेजा, निवडून आलेला आमदार म्तेजा. बाईंनीही आपलं रोजच्या बोलण्यातलं लिहून टाकलं.

"अरे बाबा, ही गिऱ्हाइकं नव्हेत! यांचा फोन लागला नाही, एवढंच!"

"ते मला कळत नाही होय? मी काय परदेशातून आलोय?" लागाटने आवाज खाली आणला. "पण यंत्राने मोजलं, कुलगुरूंनी सही ठोकली. आता चूक सुधारली तर विभागाला आजच कुलूप. बघा बुवा तुम्ही."

एकतीस वर्षं गुरुजींनी पोरांना शब्द तोलून वापरायला शिकवलं होतं, आणि आता हे धडधडीत खोटं! पण चेप्कोएच डोळ्यांपुढे आली. पहाटे घरोघरी दूध घालून दोन मटाटू गाड्या बदलत वर्गाला येणारी पोर. तिची शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती.

"राहू दे," ते पुटपुटले. "जाऊ दे यादी अशीच."

"मग एक करा. त्या सातजणांना उद्यापासून वर्गात बसवू नका."

"काय?"

"त्यांच्यापुढे 'हजर' लिहिलंय ना! गिऱ्हाईक नसलेल्याला परीक्षेला बसता येत नाही. आणि 'हजर' असा रकानाच नाही आमच्याकडे."

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे गेले त्यांना ठेवायचं आणि राहिले त्यांना हाकलायचं? अरे, विद्यापीठ आहे की वेड्यांचा बाजार?"

गुरुजींनी लागाटच्या हातातलं पेन हिसकावलं. सात वेळा 'हजर' खोडलं आणि सात वेळा वर 'म्तेजा' लिहिलं. कागद टेबलावर आपटून ते तरातरा वर्गात गेले.

सातहीजण उठून उभे राहिले.

"विभाग वाचला," गुरुजी म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तसे ते ओरडले, "हळू! आणि नीट ऐका. परीक्षा होईपर्यंत विद्यापीठाचा फोन आला तर कुणीही उचलायचा नाही. आपण सापडलो, की संपलो."