नावाचा रकाना

तक्रारीत फंक्शनचं, म्हणजे कोडमधल्या हिशेबाच्या तुकड्याचं, नाव सक्तीचं करणाऱ्यांनो, तुम्ही जन्मात एक ओळ तरी कोड लिहिलाय का? अख्ख्या वॉर्डाच्या सलाइनचा वेग एकाच ओळीत काढणाऱ्या या प्रोग्रामिंगच्या भाषेत निम्मी फंक्शनं जागच्या जागी लिहिलेली, बिननावाचीच असतात. त्यातलंच एक चुकलं आणि लहान मुलांना दुप्पट वेग देऊ लागलं. सहा दिवस नर्स हाताने वेग कमी करत बसल्या. हॉस्पिटलच्या प्रोग्रामरबाईंना चूक समोर दिसत होती. पण तक्रार मंजूर झाल्याशिवाय कोड लिहायचा एडिटर त्या ओळीला हात लावू देईना, आणि नाव भरल्याशिवाय तक्रार पुढे सरकेना.

"काहीतरी नाव असेलच की!" तक्रारी मंजूर करणारे मोठे साहेब म्हणाले होते.

सातव्या दिवशी बाईंनी रकान्यात 'मोठे साहेब' असं टाइप केलं. ऑफिसभर सूचना गेली: "मोठे साहेब सदोष आहेत. लहान मुलांना दुप्पट सलाइन देतात. तातडीने दुरुस्त करावेत."

पाचव्या मिनिटाला फोन आला. "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे साहेब. मंजुरीचं बटण तुमच्यासमोर आहे. दाबताय की नाही, तेवढं बोला."