घरात थांबायचा हक्क

करार संपला आणि मालकाने मला काढून नवा भाडेकरू शोधायला घेतला. टाउन्सव्हिलच्या भाडेकरू सल्लाकेंद्रातली बाई फोनवर म्हणाली, "डॅफ्नी आजी, जावं तर लागेलच. पण लोक घर बघायला येतील तेव्हा घरात थांबायचा हक्क आहे तुम्हाला."

मग काय, थांबले! कुणीच घर घेतलं नाही तर मालक झक मारत मलाच ठेवील. येईल त्याला सांगत सुटले, "छतात अजगर आहे. काल शेजारचा कुत्रा गिळून माझ्या उशाशी ढेकर देत बसला होता मेला!"

निम्मे पसार झाले. कडेवर बाळ घेतलेली एक पोरगी तेवढी हलेना.

"चालेल, आजी. आम्ही सध्या गाडीतच झोपतो. तो अजगर कुठल्या खोलीत उतरतो तेवढं सांगा, मुलांना दुसरीत निजवीन."