उरलेला भात

डबा मुलीचाच होता, झाकणावर ससा असलेला. आईने तो पाळणाघराच्या टेबलावर ठेवून उघडला. भाताची वाफ वर आली.

"त्या दिवशी उरलेला," ती म्हणाली. "फ्रीजरमध्ये ठेवला होता. तुमच्यासारखाच, चांगला वाफ येईपर्यंत गरम करून आणलाय."

पोर किती जेवलं ते घरी कळावं म्हणून उरलेलं अन्न डब्यात भरून द्यायची इथली पद्धत होती. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सभेला जमलेल्या आयाबापांनी नुसत्या माना लांब केल्या.

मालकीणबाई हसल्या. आठवडाभर त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख आहे. उलट्यांची साथ आणली ती याच बाईंच्या मुलीने. घरी काय शिळंपाकं घालतात देव जाणे. ते इतकं पसरलं की सासूबाईही म्हणून गेल्या, शिकलेल्या बायकांना फ्रीजचा भारी भरवसा. मुलगी तिकडे दवाखान्यात सलाइनवर होती. आणि इथलं स्वयंपाकघर उद्यापासून पुन्हा सुरू होणार होतं.

डॉक्टरांनी आईला नीट समजावलं होतं. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात आणि विष सोडतात. मग कितीही गरम करा, विष जात नाही.

"तुमचं अन्न चोख आहे ना?" तिचा आवाज चढला नव्हता, पण बोटं टेबलाच्या कडेत रुतली होती. "मग खा."

मालकीणबाईंनी आधी ॲसिडिटीचं कारण काढलं. मग कुणीतरी मागून खाकरलं, तशी त्यांनी स्वयंपाकीणबाईंना आतून हाक मारली आणि दोन घास खाऊन दाखवायला सांगितलं.

स्वयंपाकीणबाई डब्याकडे बघत मागे सरकल्या.

"मी नाही खायची. आदल्या दिवशीचा होता तो. पातेलं रात्रभर ओट्यावर. मी टाकत होते, तर तुम्हीच म्हणालात, गरम करून वाढ, पोरांना काय कळतंय."

मग एक बाप उठला आणि त्याने शांतपणे दाराला आतून कडी घातली.

आईने खुर्ची ओढली, डबा पुढ्यात घेतला आणि चमचा भरून खाऊ लागली. हा भात तिने निघण्याआधी लावला होता. त्या दिवशीचा तर त्याच संध्याकाळी फेकून दिला होता.