आतली खुर्ची

पान उलटायचं काम आतल्या खुर्चीचं. एका स्टँडवर दोन व्हायोलिनं. श्रोत्यांच्या बाजूची, म्हणजे बाहेरची, वाजवत राहते. आतली क्षणभर बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली घेते, पान उलटते आणि पुन्हा सगळ्यांत मिसळून जाते. सात वर्षं ती बाहेरच्या खुर्चीवर बसली होती. पान उलटणाऱ्या हाताकडे तिने कधी मान वळवून पाहिलंही नव्हतं.

आज हंगामाचा पहिला कॉन्सर्ट होता. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तर तिच्या खुर्चीवर बदली. रजेपुरती घेतलेली मुलगी, म्हणून सगळे तिला बदलीच म्हणायचे. रजा संपली तरी नाव सुटलं नव्हतं. खुर्चीही.

"सध्या आत बसा, बाई," मास्तर तालमीत म्हणाले होते. वाद्यवृंद चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तरच म्हणत. "कॉन्सर्ट होऊ दे. वर्षभर कोण कुठे बसेल, ते त्यावरून ठरवू."

"एका म्यानात दोन तलवारी," कॉन्ट्राबासवाले काका मागून म्हणाले. "मास्तर, जरा लांब उभे राहा."

सगळे हसले. बदली तर खळखळून हसली. तिला तेही जमत होतं.

स्टेजवर जायच्या आधी तिने घरी फोन लावला. "बाटली मुकाट्याने संपवली हो," सासूबाई म्हणाल्या. "तुझी आठवणसुद्धा काढली नाही. तू निवांत वाजव."

चांगलंच होतं की. तरी तिने पुन्हा विचारलं, "सगळी संपवली?"

स्टँडवरची पानं तीच होती, जुनी. पण तिच्या पेन्सिलच्या खुणा कोणीतरी खोडरबराने नीट पुसून काढल्या होत्या. जिथे मास्तरांकडे बघायचं, तिथे तिने एके काळी पेन्सिलने चष्म्याचं चित्र काढलं होतं. आता तिथेच दुसरा चष्मा होता, गोल काचांचा, वर दोन भुवया. तिच्या चष्म्यापेक्षा बरा.

दिवे मंद झाले. पहिली रचना झाली, टाळ्या झाल्या. दुसरी सुरू झाली.

तिचे कान शेजारच्या बोवरच होते. काहीतरी सापडेल, एखादा सूर चढेल, हात आखडेल. काही सापडेना. उलट एका संथ जागी त्या मुलीने असा सूर लावला, की तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. मेली, ती मनात म्हणाली.

मग ती जागा आली. इथे सगळे थांबतात आणि फक्त पुढची चार व्हायोलिनं वाजतात. छापणाऱ्याने नेमकं तिथेच पान संपवलं होतं. तिने बो खाली घेतला. हात पुढे केला. पानाचा कोपरा बोटांत धरला.

आणि धरूनच ठेवला.

फार नाही. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. बदलीची नजर ओळीच्या टोकाला पोचली आणि पुढे काहीच नव्हतं. तिचा बो तारेवरून उचलला गेला. चारांच्या जागी दोनच व्हायोलिनं उरली, आणि सभागृहात एक बारीकसं भोक पडलं. मग पान उलटलं. मास्तरांनी मान वळवली नाही. फक्त एक भुवई वर गेली.

मध्यंतरात ते घाम पुसत थेट दोघींसमोर येऊन उभे राहिले.

"चौघांच्या जागी कोण गळालं?"

"मी," बदली म्हणाली.

"पान उशिरा आलं का?" त्यांनी बदलीला विचारलं, पण पाहिलं तिच्याकडे.

"नाही, मास्तर. पान वेळेवर होतं. माझीच नजर चुकली."

बोलायला तिला भरपूर वेळ होता. ती बोच्या केसांना राळ लावायला लागली. राळ आधीच लावलेली होती.

"आता सिंफनीला जागा बदला," मास्तर म्हणाले. "बाई, तुम्ही बाहेर या. आणि वर्षभर तिथेच राहा. मला काळजी नको."

ते गेले. याच शब्दांसाठी गेले तीन आठवडे तिला झोप नव्हती. तिने राळेची डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली.

"खोटं कशाला बोललीस?"

बदली आपली तार जुळवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुमचं बाळ तान्हं आहे ना, ताई. रात्रीची झोप होत नसेल तुमची."

आवाजात टोमणा आहे का, ते तिने ऐकायचा प्रयत्न केला. सूर ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हा तिला ओळखता आला नाही.

उत्तरार्ध सुरू झाला. बाहेरच्या खुर्चीवर उजेड थेट डोळ्यांवर येतो, हे ती विसरली होती. पहिलं पान संपत आलं. शेजारचा बो खाली गेला, हात पुढे आला आणि शेवटच्या दोन सुरांच्या आधी नवी ओळ तिच्यासमोर होती. कागदाचा आवाजसुद्धा नाही.

दुसरं पान. तिसरं.

आता येईल, तिला वाटत होतं. पुढच्या पानाला. नाहीतर त्या अवघड जागी, सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं असताना. तिथे तरी हा हात कोपऱ्यावर थांबेल आणि फिटंफाट होईल. प्रत्येक पानाच्या शेवटी तिची नजर त्या हाताकडे जायची. ती वाट बघत होती. खरं तर विनवत होती.

सिंफनी एकवीस पानांची होती. एकही पान उशिरा आलं नाही.