अजून वर्षभर चालेल

“माझी चूक नाही, साहेब. संगणकाची आहे,” कोडेकाका फोनवर म्हणाले आणि त्यांनी संगणकाकडे असं पाहिलं, की त्याने निदान मान तरी खाली घालावी.

रविवारच्या पुरवणीत त्यांचं शब्दकोडं छापून यायचं. गल्लीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. या आठवड्यात त्यांनी संपादकांना मागच्या रविवारचंच कोडं पाठवलं होतं. त्याआधीच्या कोड्यात ‘आडवे सात’ला प्रश्नच नव्हता. वाचकांनी तरीही उत्तरं पाठवली. वाचक असे पडेल ते सोडवणारे असतात, म्हणून तर वर्तमानपत्रं चालतात.

“काय म्हणाले संपादक?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“म्हणाले, काका, पुन्हा असं झालं तर सदर थांबवावं लागेल. एका डबड्यापायी माझं सदर जाणार! अगं, आता नवा घ्यायचाच.”

“अजून वर्षभर चालेल की तो.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालीस.”

“मग चालला ना?”

काकूंच्या प्रश्नांना सहसा उत्तर नसायचंच. तरी काका प्रत्येक वेळी शोधून बघायचे.

काकू तशा हाताच्या सढळ. पडदे धडधाकट असताना बदलले. फ्रिज जरा घुरघुरला, तर दुसऱ्या दिवशी नवा दारात. पण संगणकाचं नाव काढलं की त्यांची मूठ घट्ट मिटायची. त्यासाठी बँकेत वेगळी बचत होती, ती वाढायचीही. पण पुरेशी होत आली रे आली, की घरात काहीतरी गळायला लागायचं. आधी गच्ची, मग नळ, मग काकूंची दाढ.

“तुझ्या माहेरचा आहे का गं हा?” काका एकदा चिडून म्हणाले. “इतकी बाजू घेतेस ती?”

“माहेरचा असता तर त्याने इतकं ऐकून घेतलं नसतं.”

काका पुन्हा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली. “अगं, दाराची कडी घातल्यावर वरून लावतात ते काय? तीन अक्षरी.”

“कुलूप.”

“बरोबर!” काका म्हणाले. परीक्षा जणू काकूंचीच होती.

शनिवारी मात्र त्यांनी काकूंना न विचारता ‘डॉक्टर’ला बोलावलं. हा डॉक्टर कोपऱ्यावरच्या दुकानात संगणक दुरुस्त करायचा. खऱ्या डॉक्टरांपेक्षा त्याचं एक बरं होतं, तो घरी यायचा.

“सगळं सांगतो,” रोग्याच्या नातेवाइकासारखे काका पुढे सरकले. “रात्री ठेवलेली फाईल सकाळी भलत्याच ठिकाणी असते. पासवर्ड आपल्या मनाने बदलतो. लिहिलेलं गाळतो, न लिहिलेलं घालतो. परवा तर माझ्याच कोड्यात असे शब्द घातले, की मलाच सुटेना.”

डॉक्टरने पेटीचा एका बाजूचा पत्रा उघडला. कापाकापी बघवत नाही म्हणून काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. डॉक्टरने आत पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

“स्पष्ट सांगा,” काका खिडकीला म्हणाले. “आम्ही मन घट्ट केलंय.”

“वय झालंय, काका.”

“बघ! मी काय म्हणत होतो? पैसे तयार आहेत. डॉक्टर, सोमवारी नवा आणून बसवा.”

“पण वापरता येईल ना अजून?” काकू घाईने म्हणाल्या. “वर्षभर?”

डॉक्टरने पत्रा जागेवर बसवला. एक स्क्रू त्याने फार वेळ पिळला.

“जपून वापरला तर जाईल वर्षभर.”

“माझं सदर जाईल त्याआधी!”

“नाही जाणार,” काकू म्हणाल्या. “कोडं पाठवायच्या आधी मी एकदा नजर टाकत जाईन. तुमच्यावर नाही हो, याच्यावर भरवसा नाही.”

काकांनी संगणकाच्या डोक्यावर हात ठेवला, रागावून दमल्यावर घरातल्या माणसाच्या ठेवावा तसा.

“राहू दे मग,” ते म्हणाले. “इतकी वर्षं चाकरी केली बिचाऱ्याने. चार गोष्टी विसरायला लागला म्हणून कुणाला घराबाहेर काढतात का?”

काकू चटकन वळल्या. “डॉक्टर, खालपर्यंत येते मी. दूधही आणायचंय.”

फाटकाशी डॉक्टर थांबला.

“काकू, अशी थाप मारायची माझ्यावर पाळी आणू नका परत. त्याचं कसलं वय? नुसती पेटी जुनी आहे. आतलं सगळं तुम्हीच नवं बसवून घेतलंत, काका मुलीकडे गेले होते तेव्हा. वाऱ्यासारखा चालतो तो.”

“तेव्हा मलाही तोच विसरतोय असं वाटलं होतं,” काकू म्हणाल्या.

डॉक्टरने पैसे घेतले नाहीत. काकूंनी त्याच्या पिशवीचा पट्टा धरून ठेवला.

“मधूनमधून बंद पडेल, असं काही करून द्याल का? काल दुपारी तो अगदी नीट चालत होता, आणि यांना माझं नाव आठवेना. फार घाबरले हो.”