फळ्यावरची नावं

धामणे सर ऑफिसातून परतले तेव्हा सातवीच्या वर्गात नुसता बाजार भरला होता, पण फळा कोरा होता. मॉनिटर केतकी मुठीत खडू आवळून रडत उभी होती.

"बोलणाऱ्यांची नावं लिहायला सांगितली होती ना, बाळ?"

"नाही लिहिणार, सर. कुणाचंच नाही." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही दिलेली कादंबरी काल संपली."

नाझींच्या काळातली ती गोष्ट सरांनीच कौतुकानं तिला वाचायला दिली होती. त्या गोष्टीतला मॉनिटर मास्तरांच्या सांगण्यावरून वर्गातल्या ज्यू मुलांची नावं लिहून देतो. दुसऱ्या दिवशी ट्रक येतो आणि बाकं रिकामी होतात.

"अगं वेडे, मी फार तर दहा मिनिटं उन्हात उभं करतो."

"त्यालाही वाटलं होतं, फार तर शिक्षा होईल. सर, तुमच्या पाया पडते, हे बंद करा ना!"

तीस वर्षं प्रत्येक वर्गात सरांनी हेच केलं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, ती घाबरट आहे. मी सांगतो नावं!"

"सर, मी! मला सगळी पाठ आहेत!"

"मी सांगते, सर!"

बघता बघता वर्गभर हात वर झाले. एरवी एवढे हात पाहिले की सरांना धन्य वाटायचं. आज त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"हात खाली घ्या रे," ते कसेबसे म्हणाले.

एकही हात खाली आला नाही.